बस महापौरांची नसते

महापौरपदाची निवडणूक जगात कुठेही असो, प्रचारात बस येतेच. सांडपाण्याच्या वाहिनीचं चित्र जाहीरनाम्याच्या मुखपृष्ठावर कुणी छापत नाही, बसचं छापतात. बस हवी तशी रंगवता येते, ती शहरभर फिरते आणि मुख्य म्हणजे तिच्या दारात उभं राहून हात हलवता येतो. मी बरीच वर्षं बसच्या देखभालीच्या कामात काढली. आमच्यासारखी माणसं असा फोटो बघतात तेव्हा नजर भलतीकडेच जाते. टायर कुठल्या मापाचे, इंजिनाचं झाकण कुठून उघडतं, काच अखंड आहे की तुकड्यांत. फोटोतले साहेब चार वर्षांनी जातात, काच आमच्याकडे राहते.

कोणत्या बनावटीची, किती लांबीची, किती दारांची बस घ्यायची हे महापौरांनी ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सेवा किती द्यायची, कोणत्या भागाला द्यायची, तिकीट केवढं ठेवायचं, हे जरूर ठरवावं. लोक त्यासाठीच निवडून देतात. पण गाडीच्या नकाशावर त्यांचं बोट फिरायला लागलं की मला धास्ती वाटते. अमेरिकेत केंद्र सरकारच्या पैशातून घेतलेली चाळीस फुटी मोठी बस निदान 12 वर्षं किंवा 5 लाख मैल चालवावी लागते, तसा नियमच आहे. म्हणजे चार वर्षांच्या मुदतीचे तीन महापौर एका बसमध्ये मावतात. पहिल्यानं हौस करायची आणि पुढच्या दोघांनी ती निस्तरायची, असा हा प्रकार.

लंडनची गोष्ट यासाठी नीट बघण्यासारखी आहे. 2000 साली त्या शहराला पहिल्यांदा थेट निवडून आलेला महापौर मिळाला, केन लिव्हिंगस्टन. बससेवा बघणारी ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ ही संस्था महापौरांच्याच अखत्यारीत येते. तेव्हा रस्त्यावर जुन्या दुमजली रूटमास्टर होत्या. मागे उघडी पायरी, तिथे एक खांब, बस सिग्नलला थांबली की चढायचं, वाटलं तर उतरायचं. रूटमास्टर काढून टाकायला निघणारा माणूस निव्वळ माणूसपण हरवलेला मूर्ख असला पाहिजे, अशा अर्थाचं लिव्हिंगस्टन एकदा बोलून गेले होते. मग त्यांच्याच कारकिर्दीत, 9 डिसेंबर 2005 ला, नेहमीच्या सेवेतली शेवटची रूटमास्टर धावली. (राजकारण्यांनी बसबद्दल विशेषणं जपून वापरावीत.) निर्णयामागचं कारण मात्र बिनतोड होतं. त्या गाडीत व्हीलचेअर चढूच शकत नव्हती.

बऱ्याच मार्गांवर त्यांनी 18 मीटर लांबीच्या, मध्ये लवणाऱ्या जोडबस आणल्या. तीन दारं, खालची फरशी, कुठल्याही दारानं चढा. गर्दी झटपट आत जायची, पण फुकटे प्रवासीही झटपट आत जायचे. सुरुवातीला काही गाड्यांना आगी लागल्या, त्या काही दिवस उभ्या कराव्या लागल्या, टिंगल झाली. सायकलवाल्यांना त्यांची भीती वाटायची. 2008 च्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी हे बरोबर हेरलं. जोडबस हटवणार आणि नवी रूटमास्टर आणणार, उघड्या पायरीसकट! आणि निवडून आले.

इथपर्यंत तक्रार नाही. पुढे जे झालं ते समजायला लंडनमध्ये बस कोण विकत घेतं ते माहीत हवं. तिथे मार्गांची कंत्राटं निघतात, तेव्हा ती साधारण पाच वर्षांची असायची. खासगी कंपन्या बोली लावतात आणि बस स्वतःच्या आणतात. महापालिकेच्या अंगाला बसची किंमत थेट लागत नाही. कंत्राट गेलं तर कंपनी गाडी दुसऱ्या मार्गावर टाकते, लंडनमधली उमेद संपली की देशातल्या दुसऱ्या शहरात पाठवते. त्यामुळे कंपनी गाडी घेताना दहादा विचार करते. सुटे भाग मिळतात का, दुसरीकडे खपेल का, डेपोतल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर बसते का. गाडी वाईट निघाली तर भोगायचं तिलाच असतं. ही भीती फार कामाची आहे. कुठल्याही तांत्रिक समितीपेक्षा ती जास्त नेमकं काम करते.

नव्या रूटमास्टरला तीन दारं, दोन जिने आणि मागे उघडणारी पायरी. लंडन सोडून कुठल्या शहराला असली बस हवी असणार? कुठली कंपनी तिच्यात पैसे घालणार? म्हणून गाड्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’नंच विकत घेतल्या आणि कंपन्यांना चालवायला दिल्या. सगळी जोखीम कंपन्यांच्या डोक्यावरून उचलून शहराच्या डोक्यावर ठेवली. वर्तमानपत्रांत चर्चा रंगली ती रंगाची आणि आकाराची. गाड्या शहरानं विकत घेतल्या, या एका ओळीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात महत्त्वाची ओळ तीच होती.

पहिली गाडी 27 फेब्रुवारी 2012 ला 38 नंबरच्या मार्गावर आली. दोन महिन्यांवर महापौरांची निवडणूक. योगायोग असेल. त्याच वर्षी 600 गाड्यांची मागणी नोंदवली गेली, 21.2 कोटी पौंडांची. म्हणजे एक गाडी साडेतीन लाख पौंडांच्या वर, बाजारात तयार मिळणाऱ्या हायब्रिड (डिझेल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या) दुमजली बसपेक्षा महाग.

गाडी दिसायला देखणी होती, हे कबूल करतो. जिन्याच्या चढाबरोबर तिरकी वर जाणारी काचेची पट्टी तर फारच सुंदर. पण आमच्यासारख्याला ती पट्टी बघून घाम फुटतो. एखाद्या फांदीनं तडा गेला तर तशी वाकडी काच आणायची कुठून, आणि ती येईपर्यंत गाडी उभी ठेवायची कुठे? बरं, त्या काचा उघडतच नव्हत्या. हवा थंड ठेवण्याची यंत्रणा होती, पण उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर प्रवासी शिजायला लागले. ओरड इतकी झाली की 2015 मध्ये उघडणाऱ्या खिडक्या बसवायचं ठरलं, आणि त्याला आणखी जवळपास 20 लाख पौंड. बसला खिडकी असावी आणि ती उघडावी, हे कुठल्याही डेपोतल्या फिटरनं चहाच्या सुट्टीत सांगितलं असतं. हायब्रिडच्या बॅटऱ्याही कुरकुरल्या, काही गाड्या बहुतेक वेळ नुसत्या डिझेलवर धावत राहिल्या.

आता ती उघडी पायरी, जिच्यावर निवडणूक लढवली गेली. चालत्या वाहतुकीत पायरी उघडी ठेवायची तर तिथे माणूस उभा हवा. म्हणून मोजक्या मार्गांवर, दिवसाच्या वेळेपुरते, मदतनीस नेमले. ते तिकीट फाडत नव्हते, पैसे घेत नव्हते. पायरीवर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. एका दारासाठी एक पगार! बाकीच्या मार्गांवर तीच महागडी गाडी मागचं दार बंद ठेवून साध्या बससारखी फिरायची. 2016 मध्ये मदतनिसांची कामं बंद झाली आणि पायरी कायमची मिटली. तीन दारांनी चढण्यामुळे फुकटे वाढले (जोडबसवरचा आरोप हाच होता ना?) म्हणून 2020 पासून चढायचं ते फक्त पुढच्या दारानं. म्हणजे निवडणुकीत विकलेली खुबी गेली. मागचं दार आणि दुसरा जिना उरला, आणि त्यांनी खाल्लेली जागाही.

2016 च्या सुरुवातीला, जॉन्सन यांना पद सोडायला काही महिने उरले असताना, आणखी 195 गाड्यांची मागणी झाली आणि एकूण आकडा 1000 झाला. नव्या महापौरांनी, सादिक खान यांनी, पुढच्या खरेदीला नकार दिला. पण हजार गाड्यांचं करायचं काय? विकायला गिऱ्हाईक नाही, भंगारात काढायला वय नाही. चालवत राहणं भाग होतं. दुसऱ्याच्या हौसेचं घोंगडं गळ्यात पडतं ते असं. गाड्या बांधणारी उत्तर आयर्लंडमधली राइटबस कंपनी सप्टेंबर 2019 मध्ये डबघाईला आली. तिच्या अडचणींची कारणं बरीच होती, सगळं खापर या बसवर फोडता येणार नाही, आणि पुढच्या महिन्यातच तिला नवा मालक मिळाला. पण त्या मधल्या आठवड्यांत सुट्या भागांची काळजी कोणाला पडली असेल, हे मला न सांगता कळतं.

लिव्हिंगस्टन यांच्या जोडबसची बाजू मी पूर्णपणे घेत नाही. त्यातल्या बऱ्याच पुढे माल्टाला गेल्या, तिथल्या अरुंद रस्त्यांवर अडल्या, 2013 च्या ऑगस्टमध्ये लागोपाठ पेटल्या आणि सेवेतून काढल्या गेल्या. तरी एक फरक आहे. ती बाजारातली तयार गाडी होती. लंडनला नकोशी झाली तेव्हा दुसरीकडे जाऊ शकली.

कुणी म्हणेल, हौशी डिझाइनचा दोष आहे, बिचाऱ्या महापौरपदाला कशाला बोल लावता? मग अमेरिकेतलं अल्बुकर्की बघा. तिथे डिझाइनची हौस नव्हती, तारखेची घाई होती. महापौर रिचर्ड बेरी यांनी मुख्य रस्त्यावर वेगवान बसमार्ग उभारला आणि त्यासाठी बीवायडी या चिनी कंपनीच्या साठ फुटी इलेक्ट्रिक बस ठरवल्या. नोव्हेंबर 2017 मध्ये, खुर्ची सोडायला काही दिवस असताना, फीत कापून झाली. गाड्या मात्र पुरत्या आलेल्याही नव्हत्या. नंतर आलेले महापौर टिम केलर महिनाभरानं पत्रकारांसमोर यादी घेऊन उभे राहिले. करारात एका चार्जिंगमध्ये 275 मैल, प्रत्यक्ष चाचणीत त्याहून कितीतरी कमी. काही थांब्यांच्या फलाटांची उंची एकसारखी नाही, चार्जरना हवं ते प्रमाणपत्र नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये शहरानं गाड्या परत घ्यायला सांगितलं. कंपनीनं आरोप फेटाळले, प्रकरण कोर्टात गेलं, मग तडजोड झाली. मार्ग प्रत्यक्षात सुरू झाला 30 नोव्हेंबर 2019 ला, दुसऱ्या कंपनीच्या डिझेल बसनं. फीत कापल्यावर दोन वर्षांनी!

इलेक्ट्रिक बसला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. चीनमधल्या शेनझेननं 2017 अखेर 16 हजारांहून जास्त बसचा सगळा ताफा इलेक्ट्रिक केला, आणि तो चालतोय. पण त्याआधी काही वर्षं तिथे थोड्या गाड्यांवर प्रयोग झाले. इलेक्ट्रिक बस घेणं म्हणजे डेपोत वीज घेणं असतं. ट्रान्सफॉर्मर, रात्रीच्या चार्जिंगची पाळी, पाचव्या-सातव्या वर्षी बॅटरीचं काय, थंडीत रेंज किती उतरते. या प्रश्नांना फोटो नसतो, म्हणून घाईत तेच राहून जातात.

उलटं टोक कोलंबियाची राजधानी बोगोटाचं. तिथे महापौराला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढवता येत नाही. त्यामुळे प्रत्येकाला आधीच्याचं काम पुसायचा मोह. एनरिके पेन्यालोसा यांनी 2000 मध्ये ट्रान्समिलेनियो ही वेगवान बससेवा सुरू केली, जगभर नाव झालं. त्या पहिल्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या तेव्हा गुस्ताव्हो पेत्रो महापौर होते. नवी निविदा काढण्याऐवजी जुनी कंत्राटं लांबवली गेली आणि खिळखिळ्या गाड्या धूर ओकत धावत राहिल्या. पुढे पेन्यालोसा परत आले, 2018 मध्ये 1441 गाड्यांची खरेदी ठरली, 741 गॅसच्या आणि 700 डिझेलच्या. डिझेल का, इलेक्ट्रिक का नाही, यावर पेन्यालोसा आणि पेत्रो यांच्या गटांत जुंपली. बस न घेणं हाही महापौरांचाच निर्णय असतो, आणि त्याचा धूर थांब्यावर उभ्या असलेल्यांच्या नाकात जातो.

म्हणून माझी मागणी काही फार क्रांतिकारी नाही. निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत मोठी बसखरेदी नको. नव्या नमुन्याच्या गाड्या आधी दहा-वीस घ्या, एक उन्हाळा आणि एक हिवाळा भरल्या गर्दीत चालवा, मगच मोठी मागणी नोंदवा. निविदेत गाडीच्या किमतीशेजारी बारा वर्षांच्या देखभालीचा आकडाही लिहून घ्या, सुट्या भागांच्या हमीसकट. आणि खरेदीच्या कागदावर डेपोच्या कार्यशाळेतल्या एका तरी माणसाची सही असू द्या. त्या सहीला नकाराचाही अधिकार हवा, नाहीतर ती सही नुसती शोभेची.

“मग महापौरांनी करायचं तरी काय?” असं एका मित्रानं फोनवर विचारलं. करण्यासारखं पुष्कळ आहे. याच लिव्हिंगस्टन यांनी 17 फेब्रुवारी 2003 ला मध्य लंडनमध्ये येणाऱ्या मोटारींवर दिवसाला 5 पौंड आकार लावला. त्यातून उरणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा, असं कायद्यानं बांधलेलं होतं, आणि त्याच दिवशी सुमारे 300 जादा बस रस्त्यावर उतरवल्या. मोटारवाले संतापले होते, वर्तमानपत्रं तुटून पडली होती, खुर्ची जाईल असं बोललं जात होतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले.