नवा कॅम स्लो रेसवर बसत नाही, तिथेच खाल्ला जातो

मृग जवळ आला की लातूर-नांदेडपासून जालन्यापर्यंत वर्कशॉपांत ट्रॅक्टरची इंजिनं खोलून पडतात, आणि त्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरायला लागतो. त्याचं सार असं : ‘नवा कॅमशाफ्ट टाकून इंजिन बांधलं की पहिले चार तास स्लो रेसवर चालू ठेवा, रेस दिली की कॅम खातो. बसवताना कॅमला भरपूर ग्रीस लावा. टॅपेट गुळगुळीत असतील तर जुनेच चालतात. तेल मात्र भारीतलं, नव्यात नव्या ग्रेडचं टाका आणि ते २५० तास बदलू नका.’

कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम, हा व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा. त्याचा उंचवटा टॅपेटला वर रेटतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. स्लो रेस म्हणजे बिनभाराचा सगळ्यात कमी वेग, आणि कॅम ‘खातो’ म्हणजे झिजून जातो. या सल्ल्यातली सगळ्यात घातक गोष्ट पहिलीच आहे. मेन बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला आणि कॅमच्या बुशांना ऑइल पंपाचं तेल दाबाने मिळतं. पण कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, आणि टॅपेटचा तळ जिथे एकमेकांवर घासतात, तिथे बहुतेक ट्रॅक्टर इंजिनांत दाबाचं तेल जात नाही. तिथे पोचतं ते क्रँकने उडवलेलं आणि रॉकरवरून पुशरॉडच्या भोकांतून खाली गळणारं. क्रँक हळू फिरला की शिंतोडे कमी. त्यात कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ७०० आरपीएमवर (मिनिटाला ७०० फेरे) असेल तर कॅम फक्त ३५०. एवढ्या संथ सरकण्याने दोन धातूंमध्ये तेलाचा थर टिकत नाही.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा हिशेबही उलटाच आहे. वेग वाढला की लोबच्या टोकावर टॅपेट आणि पुशरॉड आपल्याच वेगाने वर जाऊ पाहतात, त्यामुळे टोकावरचा भार थोडा हलका होतो. स्लो रेसवर स्प्रिंगचा सगळा जोर त्या टोकावरच येतो. म्हणजे तेल सगळ्यात कमी तेव्हाच दाब सगळ्यात जास्त. जुन्या कॅमला हे चालतं, कारण त्याचे आणि टॅपेटचे पृष्ठभाग एकमेकांना जुळून गेलेले असतात. नव्या जोडीत मात्र धातू अजून उंच-उंच कणांवरच टेकलेला असतो.

चार तासांचा दुसरा फटका लायनरला, म्हणजे पिस्टन ज्या नळीत चालतो तिला, बसतो. भार नसेल तर सिलिंडरमधला दाब रिंगांना लायनरवर नीट रेटत नाही. होनिंगच्या, म्हणजे लायनरला आतून मुद्दाम पाडलेल्या, बारीक रेघा रिंगा बसण्याआधीच चकचकीत होतात आणि पुढे इंजिन तेल प्यायला लागतं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो. मग दोष पिस्टन किटच्या कंपनीला दिला जातो.

‘रेस दिली की कॅम खातो’ हे अर्धसत्य आहे. तेल वर पोचलेलं नसताना रेस दिली तर खातोच. म्हणून खरं काम सेल्फ मारण्याआधी संपलेलं असलं पाहिजे. ऑइल फिल्टर तेलाने भरून बसवा, टर्बो असेल तर त्याच्या तेलाच्या वाटेतून तेल ओता. डिझेल लाइनची हवा आधीच काढून ठेवा, डिझेल पंपाचं टायमिंग पक्कं जुळवा आणि टॅपेटचं अंतर (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) फिलर गेजने मॅन्युअलप्रमाणे लावा. रेडिएटर भरा, तेही कूलंट टाकून. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने नव्या लायनरभोवती पापुद्रा चढवण्यात काही अर्थ नाही. आता इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरा, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि १० ते १५ सेकंद सेल्फ मारा. मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. ऑइल प्रेशरचा काटा उठला आणि रॉकरवर तेल दिसलं की थांबायचं. उगाच अर्धा तास सेल्फ मारत बसू नका, कारण बसवताना लोबवर लावलेली असेंब्ली पेस्ट (तिच्याबद्दल पुढे) त्या संथ फिरण्यातच पुसली जाते.

त्यानंतर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू व्हायला हवं. प्रेशर आलं का ते पाहा. १० सेकंदांत आलं नाही तर बंद करा. आलं की हात-रेस १२०० ते १५०० वर न्या. दर दोन-तीन मिनिटांनी थोडी वर-खाली करा, १८०० च्या पुढे जाऊ नका. एकूण २० ते ३० मिनिटं पुरेत. मध्येच गळती दिसली किंवा पाणी तापलं तर सरळ बंद करा, दुरुस्त करा आणि पुन्हा सुरू केलं की लगेच त्याच रेसवर न्या. ‘जरा स्लोवर ठेवून बघू’ म्हणून पाना फिरवायचा नाही.

दुसरीकडे २००० ते २५०० आरपीएमचा आकडा सांगणारे व्हिडिओही फिरतात. तो आकडा खोटा नाही, पण तो अमेरिकेतल्या पेट्रोल व्ही-८ इंजिनांचा आहे, वेगवान बोटींत आणि गाड्यांत बसणाऱ्या, सपाट टॅपेटच्या. तिथे स्प्रिंग इतक्या कडक असतात की दुहेरी स्प्रिंगमधली आतली काढून ठेवून कॅम बसवतात. आपल्या कितीतरी ट्रॅक्टरचं इंजिन पूर्ण ताकदीलाच २००० ते २२०० आरपीएमवर चालतं. त्याला बिनभाराचं २५०० वर ओरडवण्यात शहाणपण नाही. तत्त्व तेच, आकडा आपल्या इंजिनाचा.

आता ग्रीस. व्हील बेअरिंगचं ग्रीस तेलात नीट विरघळत नाही. त्याचे गोळे तेलाच्या चेंबरमधल्या जाळीवर आणि फिल्टरमध्ये अडकतात, म्हणजे ज्याला तेल द्यायचं त्याचीच वाट बंद होते. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची काळी असेंब्ली पेस्ट पातळ चोळायची, तीही सगळीकडे नाही. बुशांना आणि टॅपेटच्या अंगाला साधं इंजिन ऑइलच लावा.

टॅपेटच्या बाबतीत डोळा फसतो. टॅपेटचा नवा तळ दिसायला सपाट असला तरी बऱ्याच इंजिनांत मध्यभागी किंचित फुगीर असतो आणि लोबला बारीक उतार असतो. त्यामुळे कॅम फिरताना टॅपेट स्वतःभोवती फिरतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबप्रमाणे खोलगट झालेला असतो. तो नव्या कॅमवर ठेवला की फिरत नाही, एकाच रेषेवर घासतो आणि कॅमला खातो. तळावर सरळ धार आडवी धरून उजेडाकडे पाहा. मध्ये उजेड दिसला तर तो गेला. नव्या कॅमला नवे टॅपेट, यात तडजोड नाही. जुना कॅम परत बसवायचा असेल तर जुने टॅपेट चालतात, पण ज्याचा त्याच्याच जागी. म्हणून खोलतानाच नंबर टाकून ठेवा. नवा टॅपेटही भोकात आपल्या वजनाने उतरला पाहिजे आणि बोटाने सहज फिरला पाहिजे. रोलर टॅपेटच्या, म्हणजे टॅपेटच्या तळाला चाक असलेल्या, इंजिनाला यातलं फिरण्याचं आणि २० मिनिटांचं प्रकरण लागू नाही.

तेल भारीतलं म्हणजे कोणतं? सपाट टॅपेटला वाचवतो तो तेलातला झिंक-फॉस्फरसचा घटक. दाब आणि उष्णता मिळाली की तो धातूवर थर धरतो. पेट्रोल गाड्यांच्या एसएन, एसपी ग्रेडच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांत सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखलेला असतो. डबा महाग असला तरी या कामाला तो चुकीचाच. डिझेलचं सीआय-४, १५डब्ल्यू-४० घ्या, किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल ते.

आणि २५० तास? पहिल्या अर्ध्या तासातच पेस्ट, होनिंगचा चुरा आणि घासलेल्या धातूची भुकटी तेलात उतरते. इंजिन थंड झाल्यावर टॅपेटचं अंतर पुन्हा तपासा. एकाच व्हॉल्व्हचं ०.१० मिमीने वाढलं असेल तर तो लोब किंवा टॅपेट जायला लागला आहे, तिथेच थांबा. तेल आणि फिल्टर बदलूनच ट्रॅक्टर शेतात न्या. पहिले ५० तास अर्धी ट्रॉली, उथळ मोगडा असं मध्यम काम द्या, पलटी नांगर नको. ५० तासांनी पुन्हा तेल काढा, फिल्टर कापून कागद उलगडा आणि त्यावरून चुंबक फिरवा. करडा चिखल पेस्टचा असतो, त्याची काळजी नाही. चमचमणारे कण चुंबकाला चिकटले तर साइड कव्हर काढून कॅम पाहिल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करू नका.