तेल खाणारी झेन आणि २०डब्ल्यू-५०

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया जरा झोंबली, म्हणून उत्तराला दोन दिवस घेतले. मूळ पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की जुन्या मारुती झेनचं इंजिन तेल खात असेल तर २०डब्ल्यू-५० सारखं जाड तेल ओतून भागवू नका, आधी व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल सिलिंडरात उतरू न देणारे सील) बघा. तुम्ही मात्र रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर, बोट ठेवलंत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, यांचं म्हणणं असं: "तेल कमी होतंय म्हणजे रिंगा गेल्या. सील बदलून काही होत नाही. माझ्या झेनखाली एक थेंब पडत नाही, पीयूसीही पास होते. वडिलांनी पद्मिनी टॅक्सी २०डब्ल्यू-५० वर आयुष्यभर चालवली. पुस्तकी सल्ले देऊन लोकांना खर्चात पाडू नका."

आधी माझी चूक. सिग्नलवरून निघताना निळा धूर आला की व्हॉल्व्ह सील गेलेच, असं मी ठोकून दिलं होतं. ते घाईचं झालं. अॅक्सिलरेटर सोडला की सिलिंडरात ओढ तयार होते आणि झिजलेल्या रिंगांमधूनही तेल वर चढतं. नुसत्या धुरावरून निकाल लागत नाही. पण मग नुसतं तेल उतरलं म्हणून रिंगांचा निकाल तुम्ही तरी कसा लावलात?

वडिलांच्या टॅक्सीबद्दल वाद नाही. त्या १०८९ सीसीच्या इंजिनाला जाड तेलच मानवायचं, आणि मुंबईत थंडी पडते ती किती! टॅक्सीवाला रोज सकाळी बॉनेट उघडायचा, तेलाचा डबा डिकीत असायचा. जाड तेलाने इंजिन मरतं असं मी कधीच म्हटलं नाही. मात्र त्याने गळणं आणि जळणं दोन्ही मंदावतं, मग कारण शोधायला हाताशी काही उरत नाही. आधी ताप मोजावा, मग गोळी घ्यावी.

"थेंब पडत नाही" यावर माझ्याच मारुती ८०० चा किस्सा. तेल कमी व्हायचं, खाली फरशी कोरडी. एका गॅरेजने रिंगा म्हणून इंजिन खोललं, बोअर केला (सिलिंडर आतून घासून मोठा केला), हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, मात्र होतं तसंच बसवलं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटी कळलं की टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून तेल झिरपून एक्झॉस्टवर पडत होतं आणि तिथेच जळत होतं. सायन सर्कलला गाडी उभी राहिली की करपट वास यायचा, तो मी बरीच वर्षं शेजारच्या ट्रकच्या नावावर खपवला. पावसाळ्यात तर खालचा डाग वाहूनच जातो, तेव्हा फरशीचा पुरावा जून ते सप्टेंबर धरूच नका.

पीयूसीचंही तसंच. पेट्रोल गाडीची तपासणी गरम इंजिनावर, गाडी जागेवर उभी असताना होते, आणि तीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. रात्रभर सीलमधून ठिबकलेलं तेल सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन निळं जळून जातं. ते त्या मशीनपुढे येतच नाही.

आता मुंबईचा मुद्दा, जो मूळ पोस्टमध्ये मी नीट मांडला नव्हता. गाडी जागेवर घुरघुरत असते तेव्हा थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, ओढ खूप असते. कडक झालेल्या सीलमधून तेल इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली ओढलं जातं. साकीनाक्याला अर्धा तास अडकलात तर मीटरवर किलोमीटर दिसत नाहीत, तेल मात्र जातं. म्हणून "इतक्या किलोमीटरला इतकं" हा हिशोब आपल्याकडे फसवा ठरतो. आणि उलटंही होतं: रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल तेलात मिसळतं, डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) खुशाल भरलेली दिसते. मग एक दिवस पुण्याला जाता, पेट्रोल उडून जातं, पातळी घसरते आणि दोष एक्सप्रेसवेला!

तेव्हा एवढं करा. पहिलं फुकटचं: ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबलाय का बघा. तो तुंबला की आतला दाब सील-पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलतो. त्यानंतर गेज असलेल्या मिस्त्रीकडे कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजणं: इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग काढलेले, पेट्रोल आणि स्पार्क तोडलेला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे लिहून घ्या. जिथे कमी येईल तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर, तुम्ही जिंकलात. हलला नाही तर व्हॉल्व्हची बैठक (जिथे व्हॉल्व्ह घट्ट बसतो ती जागा) किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). आणि मुळातच सगळे आकडे चांगले आले तर संशय सीलवर, कारण सील गेल्याचं कॉम्प्रेशनमध्ये दिसतच नाही. (तेलाची रिंग, म्हणजे सिलिंडरावरचं तेल खरवडणारी, कार्बनने चिकटली असली तरी आकडे चांगले येऊ शकतात, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा ऐकवाल.)

सीलचं काम हात बसलेला मिस्त्री हेड न उतरवताही करतो. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, पिस्टन वर आणून ती दाबायची, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. बोअरच्या मानाने खर्च किरकोळ, म्हणूनच मोजल्याशिवाय इंजिन उतरवू देऊ नका.

चारही सिलिंडरचे आकडे, कोरडे आणि तेल घातलेले, इथेच खाली टाका. रिंगाच निघाल्या तर मूळ पोस्टमध्ये तसं लिहीन.