गिअर कडक म्हणजे क्लच सेट गेला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतोय.

गिअर कडक झाला तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावं, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: ७० हजार किलोमीटर झालेल्या तुमच्या पेट्रोल हॅचबॅकचा गिअर पडेनासा झाला, गॅरेजवाल्याने क्लच सेट बदलला, त्रास गेला. मग चाचण्यांचा एवढा पसारा कशाला? शिवाय इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघायची चाचणी फोल आहे, कारण बंद असताना धडधाकट गाडीचाही पहिला गिअर कधीकधी पडत नाही. आणि जाता जाता लिहिलंत की हल्ली थंडीत सकाळी दुसरा गिअर अडतो, 'पण तो वेगळा विषय'. मला तो वेगळा वाटत नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी क्लच सेट, म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणारं). पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हे काम करायचं तर ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात, म्हणून गिअर ऑइल आधीच रिकामं करतात. गिअरबॉक्स चढवल्यावर ऑइल नवं पडतं. क्लचची केबल सुटते आणि जोडताना नव्याने अडजस्ट होते. गिअरच्या दोन्ही केबली निघतात, पुन्हा बसतात. इंजिन माउंट सुटतो आणि नीट आवळला जातो. म्हणजे एका बिलात चार-पाच दुरुस्त्या झाल्या आणि श्रेय एकट्या प्लेटला मिळालं. त्यातल्या नेमक्या कशाने गिअर सुटला हे आता सांगता येणार नाही, आणि माझी तक्रार एवढीच आहे.

प्लेटवर माझा संशय कमी का, तेही सांगतो. प्लेट झिजली की क्लच घसरतो: चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, गाडी मात्र तिथेच रेंगाळते. गिअर कडक होण्याचं कारण नेमकं उलट असतं. क्लच पुरता सुटत नाही, पेडल तळाला असतानाही प्लेट फ्लायव्हीलबरोबर (इंजिनच्या टोकाचं जड चाक) थोडी फिरत राहते. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं बाहेर सरकतात, केबलच्या क्लचमध्ये पेडलचं फ्री प्ले (रेटा लागण्याआधीची मोकळी चाल) कमी होतं आणि क्लच वर, पेडल बरंचसं सोडल्यावर पकडतो. कडक गिअरवाल्या गाडीत तो बहुधा तळाशी, पायाखालच्या मॅटजवळ पकडतो. जुनी प्लेट गॅरेजमध्ये अजून पडली असेल तर मागून घ्या आणि अस्तरातल्या रिव्हेटचं डोकं किती खोल आहे ते मोजा. बदलण्याची मर्यादा साधारण ०.३ ते ०.५ मिमी असते. खोली त्याहून बरीच जास्त असेल तर प्लेटमध्ये जीव शिल्लक होता. प्रेशर प्लेटची बोटं वाकली असतील किंवा प्लेट शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइन) सुकी अडकत असेल, तर मात्र तुमचा गॅरेजवाला बरोबर होता. पण तसं त्याने दाखवायला हवं होतं.

इंजिन बंद ठेवून करायच्या चाचणीबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. गाडी उभी असताना दातासमोर दात आला तर गिअर पडत नाही, आणि तो दोष नव्हे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबायचा किंवा गाडी वीतभर ढकलायची, की पडतो. चाचणी एका गिअरची नसतेच. पाचही गिअर आणि रिव्हर्स, प्रत्येक तीन-चारदा टाकायचा आणि मग तेच इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीत करायचं. बंद असताना सगळे सहज पडतात आणि चालू असताना सगळेच अडतात, तर क्लच सुटत नाहीये. दोन्ही वेळा सारखाच कडकपणा असेल तर केबली, लिव्हरखालचे बुश किंवा बॉक्सचा सिलेक्टर (आतून गिअर निवडणारा भाग). उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चालताना एकच गिअर करकरतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी). या तीन फाट्यांसाठी एक पानासुद्धा हातात घ्यावा लागत नाही.

क्लच सुटत नाही असा संशय आला की रिव्हर्स कामाला येतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. इंजिन गरम, आयडलला, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबा, दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट थांबायलाच हवा. तरीही कर्र झालं तर क्लच ओढतोय. (लगेच टाकल्यावर होणारी करकर धरू नका, ती चांगल्या गाडीतही होते.) मागची चाकं फिरवणाऱ्या ईको, बोलेरोसारख्या गाड्यांत क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग जाम झालं तरी हाच निकाल येतो, कारण क्लच सुटूनही शाफ्ट इंजिनबरोबर फिरत राहतो.

मग कारण शोधायचं ते स्वस्तापासून. पहिली बघायची ती मॅट. कंपनीच्या मॅटवर दुसरी जाड रबरी मॅट टाकलेली असते, पेडल दोन बोटं अलीकडेच टेकतं आणि क्लच सुटायला तेवढी जागाच अपुरी पडते. मॅट काढून रिव्हर्सची चाचणी पुन्हा करा. यात फुकटात बरे झालेले क्लच कमी नाहीत.

तुमच्यासारख्या केबलच्या क्लचमध्ये पुढचं काम फ्री प्ले बघण्याचं. पेडल हाताने हलकेच दाबा. रेटा जाणवेपर्यंत ते साधारण १० ते २० मिमी जावं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. जास्त जात असेल तर गिअरबॉक्सवरच्या रिलीज आर्मपाशी केबलचा नट आवळायचा. अगदी शून्यावर आणू नका, रिलीज बेअरिंग सतत फिरत राहील आणि क्लच घसरायला लागेल. आवळूनही महिन्याभरात पुन्हा ढिलं झालं तर केबलचे तार आत तुटत चाललेत.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल चार वेळा भराभर पंप करून लगेच गिअर टाका. सहज पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडचा) अथवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरची रबरं गेली आहेत. स्लेव्ह बाहेरून बसवलेला असेल तर त्याचं रबरी बूट मागे सारून आत ओल आहे का बघा. ओल दिसली तर नुसती हवा काढून भागत नाही, चार दिवसांत दुखणं परत येतं.

गिअरच्या केबली बघायला दोन माणसं लागतात. इंजिन बंद. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढला की बॉक्सवरचे दोन आर्म दिसतात. आत बसलेल्याने लिव्हर सावकाश हलवायचा आणि बाहेरच्याने केबलच्या टोकाकडे बघायचं. लिव्हर हलला आणि आर्म क्षणभर थांबून मग हलला, तर टोकाचा प्लास्टिक बुश खल्लास. केबल काढून आर्म हाताने हलवला आणि तो मऊ लागला, तर बॉक्स निर्दोष, दोष केबलीचा. कोकणात किंवा समुद्राकाठच्या गाड्यांत केबल आतून गंजणं नित्याचं.

आता तुमचा दुसरा गिअर. फक्त सकाळी अडतो आणि थोडं चालल्यावर ठीक होतो, म्हणजे क्लच आणि केबलींवरचा संशय कमी होतो, कारण ते दोष पाच-दहा किलोमीटरमध्ये जात नाहीत. राहिलं ऑइल. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर सर्वांत मोठं: पहिल्याचं गुणोत्तर ३.५ आणि दुसऱ्याचं १.९ धरलं, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांवरची क्लच प्लेट आणि शाफ्ट १६०० च्या आसपास उतरवायचे असतात, तेही निमिषात. हे काम सिंक्रो रिंग घर्षणाने करते. ऑइल घट्ट असलं की रिंग आणि गिअरवरचा शंकू (कोन) यांच्यातला ऑइलचा थर लवकर पिळून निघत नाही, पकड उशिरा येते.

तुमच्या बिलात 'गिअर ऑइल २ लि.' एवढंच आहे. कोणतं, ते गॅरेजमध्ये विचारा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. ७५डब्ल्यू-८० मागणाऱ्या बॉक्समध्ये ड्रममधलं ८०डब्ल्यू-९०, म्हणजे जास्त घट्ट ऑइल, सर्रास भरलं जातं. जीएल-४ की जीएल-५ (गिअर ऑइलचे वर्ग) हेही विचारा. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी द्रव्यं साधारण दुप्पट असतात. सगळीच पितळ खातात असं नाही, पण सिंक्रोला हवं असलेलं घर्षण कमी होऊ शकतं.

वेगळंच भरलेलं निघालं तर बदलून घ्या. गाडी समपातळीवर, बॉक्स कोमट, आणि आधी वरचा भरायचा प्लग सैल करा, मगच खालचा. वरचा जाम निघाला तर रिकाम्या बॉक्सची गाडी घेऊन बसाल. नवं ऑइल वरच्या भोकाच्या कडेपर्यंत. निघालेलं बोटावर घेऊन उन्हात धरा. चुंबकावरचा राखाडी लगदा चालतो. सोनेरी चमक भरपूर दिसली तर ते सिंक्रोचं पितळ आहे. मग नव्या ऑइलने सकाळचा त्रास कमी होईल, जाणार नाही, आणि पुढच्या वेळी बॉक्स उतरेल तेव्हा दुसऱ्याची रिंग बदलायला सांगा.