चार्जर काढताच रंग फिके पडले, म्हणून पॅनेल खराब?

“लॅपटॉपचा चार्जर काढताच पडद्यावरचे रंग फिके पडत असतील, तर पडद्याचे पॅनेल हलक्या प्रतीचे आहे, त्याला बॅटरीकडून पुरेसे व्होल्टेज मिळत नाही, आयपीएस प्रकारचे पॅनेल बसवून घेतले की प्रश्न मिटतो,” अशा आशयाचा मजकूर दोन छायाचित्रांच्या पुराव्यासह सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातले निरीक्षण बहुतेक वेळा खरे असते. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

प्रथम व्होल्टेजचा मुद्दा घेऊ. चार्जर बहुधा १९-२० व्होल्ट देतो आणि तीन सेलांची बॅटरी साधारण ११ ते १२, हे खरे. पण यांपैकी काहीच थेट पिक्सेलांपर्यंत किंवा एलईडींपर्यंत पोहोचत नाही. पिक्सेलांसाठीचे व्होल्टेज मदरबोर्डवरील सर्किट आधी स्थिर करून घेतात, आणि बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागून उजेड देणाऱ्या, एलईडींना वेगळे ड्रायव्हर सर्किट ठरलेला विद्युतप्रवाह पुरवते. शिवाय प्रत्येक पिक्सेलचा रंग पॅनेलकडे आकड्यांच्या रूपात (बहुधा ० ते २५५) जातो. बॅटरी उतरली म्हणून २५५चे २३० होत नाहीत.

मग रंग बदलतात कशामुळे? पडदा हा लॅपटॉपमधला मोठा वीजखाऊ भाग असल्यामुळे बॅटरीवर जाताच ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, तिथे काटकसर करतो. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये या सोयीला ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग’ म्हणतात, एएमडीच्या ‘व्हॅरी-ब्राइट’. चित्रात उजळ आणि गडद भाग किती आहेत ते पाहून ही यंत्रणा बॅकलाइट मंद करते आणि ती उणीव झाकण्यासाठी पिक्सेलांचे आकडे वर चढवते. मधल्या छटा त्यामुळे जवळपास पूर्वीसारख्या भासतात, परंतु आधीच उजळ असलेल्या छटांना वर जायला जागा उरत नाही, त्या एकमेकींत मिसळतात आणि चित्र धुतल्यासारखे दिसू लागते. काळ्या खिडकीवरून पांढऱ्या पानावर गेल्यावर उजेड क्षणभराने सरकत बदलताना दिसला, तर अशीच एखादी यंत्रणा चालू आहे असे समजायला हरकत नाही. विंडोज ११मध्ये आशयानुसार ब्राइटनेस बदलण्याची आणखी एक सेटिंग आहे, आणि ती ‘फक्त बॅटरीवर’ अशीही ठेवता येते. या सेटिंग बंद करून, ब्राइटनेस दोन्ही वेळा सारखा ठेवून चार्जर काढून पाहावा. रंग जागेवर राहिले, तर पॅनेल निर्दोष आहे.

यात थोडा वाटा आपल्या डोळ्यांचाही असतो. उजेड कमी झाला की तोच रंग फिका भासतो. या परिणामाला रंगशास्त्रज्ञ हंट यांचे नाव आहे. विंडोज १०मध्ये बॅटरी २० टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी सेव्हर आपोआप चालू होऊन ब्राइटनेस उतरवतो, तेव्हा रंगांना कोणी हात न लावताही ते फिके वाटतात.

आयपीएसबद्दलचा समज अर्धवट आहे. ते पॅनेल कडेने पाहिल्यावर रंग फारसे बदलत नाहीत आणि या बाबतीत ते जुन्या टीएन पॅनेलपेक्षा निश्चितच सरस आहे. पण ते किती रंग दाखवू शकते, हे बॅकलाइट आणि रंगगाळण्यांवर ठरते. स्वस्त आयपीएस पॅनेलांच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले आढळते (एनटीएससी हे रंगांच्या व्याप्तीचे एक जुने माप), तर एसआरजीबी या संगणकावरील नेहमीच्या मानकातले सगळे रंग दाखवायला साधारण ७२ टक्के लागतात. अशा पॅनेलवर लाल रंग चार्जर लावूनही मरगळलेलाच दिसेल. उलट उत्तम आयपीएस पॅनेलवरही वर सांगितलेली काटकसर लागू होते, म्हणजे पैसे खर्चून बदललेले पॅनेलसुद्धा चार्जर काढताच तसेच वागू शकते.

राहिला छायाचित्रांचा पुरावा. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक वेळी उजेड आणि पांढऱ्याचा समतोल स्वतः ठरवतो, त्यामुळे दोन छायाचित्रांतला फरक पडद्याचा की कॅमेऱ्याचा हे सांगता येत नाही. स्क्रीनशॉटचाही इथे उपयोग नाही: ही काटकसर चित्र तयार झाल्यानंतर, ते पॅनेलकडे जाताना होते, म्हणून दोन्ही स्क्रीनशॉट अगदी सारखे येतात.