ह्यूस्टन हरल्यामुळे जिंकलं नाही

शिकागोतल्या माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज टाकला: 'बेसबॉलमध्ये जिंकायचं तर आधी तीन वर्षं मुद्दाम हरा. ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळतो, पैसा वाचतो, मग अजिंक्यपद. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने हेच केलं.' (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड; तेव्हा सगळ्यात जास्त हरलेल्या संघाला पहिली पसंती मिळायची.) खाली त्याची पुस्ती: 'मामा, आमच्या व्हाइट सॉक्सचंही असंच होणार.' पोरगा तिकिटं काढून हरणारा संघ बघतो आणि वर मालकाचीच बाजू घेतो, हे मला बघवत नाही.

अ‍ॅस्ट्रोज 2011 ते 2013 दर हंगामात शंभरावर सामने हरले आणि 2017 मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका जिंकले, एवढं खरं. पण हरून मिळालं काय? ओळीने तीन वर्षं ड्राफ्टची पहिली निवड. 2012 चा कार्लोस कोरेया सोनं निघाला. 2013 चा मार्क अपेल ह्यूस्टनच्या मुख्य संघात कधी उतरलाच नाही. 2014 च्या ब्रेडी एकनशी करारच झाला नाही. त्याच्या भरपाईत पुढच्या वर्षी अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला, हे मान्य करतो. पण होजे अल्तुवे? 2007 मध्ये व्हेनेझुएलातून अवघ्या 15,000 डॉलरला घेतलेला. डॅलस कायकल 2009 च्या ड्राफ्टमधला, तोही सातव्या फेरीतला. 2017 च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू जॉर्ज स्प्रिंगर 2011 च्या जूनमधल्या ड्राफ्टमधला, अकराव्या क्रमांकाचा. ही योजना राबवणारे जनरल मॅनेजर जेफ लूनाउ आले त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तेव्हा हे तिघंही ह्यूस्टनकडे होतेच! आणि जस्टिन व्हरलँडर ऑगस्ट 2017 च्या शेवटच्या दिवशी डेट्रॉइटकडून अदलाबदलीत आणला.

शिवाय आता नियमही बदललेत. ड्राफ्टचे पहिले सहा नंबर लॉटरीने ठरतात आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरची संधी सारखीच. मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. म्हणून 2024 मध्ये 121 सामने हरूनही व्हाइट सॉक्स 2025 च्या ड्राफ्टमध्ये दहावे. तुझाच संघ, बाबा!

पैसा वाचतो, पण कोणाचा? मालकाचा. जिंकायला तो खर्चावाच लागतो. टेक्सस रेंजर्स 2021 मध्ये 102 सामने हरले आणि त्याच हिवाळ्यात कोरी सीगरला 32.5 कोटी, मार्कस सीमियनला 17.5 कोटी डॉलरचे करार दिले. 2023 मध्ये विजेते. पिट्सबर्ग 1993 ते 2012 सलग वीस हंगाम हरतच राहिलं. त्याचा मेसेज कोणी फिरवत नाही.

तरुण खेळाडू मुख्य संघात आल्यावर साधारण सहा वर्षं संघाच्या ताब्यात असतो. आपली चांगली पोरं एकाच वेळी तयार होताहेत का, त्यांच्या जोडीला कोण विकत घ्यायचा, जुलैअखेरच्या सुमारास अदलाबदलीची मुदत संपण्याआधी कोणाला सोडायचं, हे ठरवणं जनरल मॅनेजरचं काम. व्हाइट सॉक्सकडे यातलं काय आहे, ते भाच्याने मला सांगावं.