रिसीव्हर खाली, तरी फोन एंगेज

पावसाळ्यात लँडलाइनला होणाऱ्या आजाराचं पहिलं निदान नातेवाईक करतात. "तासभर लावतेय, कोणाशी एवढ्या गप्पा चालल्यात?" असं डोंबिवलीची आत्या मोबाइलवर विचारते. इकडे फोन क्रोशाच्या रुमालाखाली निपचित पडलेला, रिसीव्हर जागच्या जागी.

आत्याही बरोबर आणि आपणही. एक्स्चेंज आपल्या बॅटऱ्यांवरून लाइनवर ४८ व्होल्ट कायम सोडून ठेवतं. (म्हणूनच लाइट गेले तरी तांब्याच्या तारेवरचा फोन चालायचा. फायबरवाल्यांनी आधी इन्व्हर्टर घ्यावा आणि मग हसावं.) रिसीव्हर उचलला की दोन तारांतून करंट वाहतो आणि एक्स्चेंजला कळतं, साहेब बोलणार. जमिनीखालच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की तोच करंट पाण्यातून वाहू लागतो. एक्स्चेंज बराच वेळ वाट बघतं, साहेब नंबर काही फिरवत नाहीत, मग लाइन बाजूला टाकून देतं. फोन करणाऱ्याला एंगेज.

केबलमध्ये खरं तर ग्रीससारखी जेली भरलेली असते, तिथे पाण्याचं फारसं चालत नाही. पण पुण्यात उन्हाळाभर रस्ते खणतात, एकदा ड्रेनेजला, एकदा पाण्याच्या पाइपला. केबल तुटते आणि जोडली जाते. जितके घाव तितके जॉइंट, आणि पाण्याला जॉइंटचा पत्ता विचारावा लागत नाही.

तक्रार करण्याआधी माझं ऐका, कारण "घरातलं वायरिंग बघितलंत का?" हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नसतो. आतल्या खोलीतल्या पॅरलल फोनचा रिसीव्हर इस्त्रीच्या कपड्यांखाली तिरका पडलेला असू शकतो. सगळे फोन काढा, रोझेटचं, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीचं, झाकण उघडा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन तारांना लावा. ४८च्या आसपास आलं तर दोष तुमच्या घरात, गुपचूप झाकण लावा. शून्य आलं तर तार तुटलीय किंवा दोन्ही एकमेकींना चिकटल्यात. वीस-पंचवीस आलं तर पाणी. तारा बोटांनी मात्र धरू नका. लाइन धड असेल आणि नेमका फोन आला तर सुमारे ७५ व्होल्टची रिंग बोटांत वाजते.

मीटरवरचा आकडा लाइनमनला सांगितला की तो तुमच्याकडे निराळ्या नजरेने बघतो आणि चहा न घेता थेट डीपीकडे, म्हणजे घराघरांत तारा वाटणाऱ्या पेटीकडे, जातो. नाहीतर आधी चहा, मग रोझेट, मग "साहेब, रस्त्यावरची पिलरची पेटी बघावी लागेल".

चार दिवस कडक ऊन पडलं तर जॉइंट वाळतो, फोन आपोआप उठून बसतो आणि त्याच दुपारी 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज येतो. सूर्याचं नाव त्यात कुठेच नसतं.

ऊन नसेल तर पेअर, म्हणजे दोन तारांची जोडी, बदलायची. डीपीच्या पेटीत साधारण दहा पेअर असतात आणि त्यातली एखादी कोरडी मोकळी सापडावी लागते. पुण्यात एकवेळ मुलीला स्थळ मिळेल, चांगली पेअर मिळणं कठीण. मिळाली की तुमची तार तिच्यावर जाते, आत्याचा फोन लागतो, ती सव्वा तास बोलते. तुमची जुनी पेअर पेटीत तशीच राहते. दिवाळीपर्यंत ती खडखडीत वाळते, मीटरवर ठणठणीत दिसते आणि दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका तक्रार घेऊन आले की लाइनमन खुशीत सांगतो, "काका, नशीबवान आहात, एक स्पेअर आहे."