खानदेशचा उन्हाळा, शाळेची वेळ आणि आमचे परदेशी सल्ले

होळी झाली की आमच्या चोपड्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात आरोग्याच्या सल्ल्यांची रीघ लागते, आणि त्यात परदेशात राहणारे आम्ही सर्वांत पुढे असतो. मुलांना भरपूर पाणी पाजा, दुपारी बाहेर सोडू नका, ताप असेल तर शाळेत पाठवू नका, पाणी साठवून ठेवू नका, शाळेत पायी जाऊ द्या, असे एकेक सांगितले जाते. यातला कोणताही सल्ला चुकीचा नाही. मात्र जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमध्ये, मुले वाढवताना मला हे दिसत गेले की येथे मी हे सल्ले पाळू शकते ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. शाळा, नगरपालिका, आरोग्य विमा आणि नोकरी देणारी कंपनी यांनी आपापल्या वाट्याचे काम आधीच करून ठेवलेले असते म्हणून. आपल्याकडे तोच सल्ला थेट आईच्या नावावर जातो, आणि तो पाळला गेला नाही तर दोषही तिच्याच नावावर पडतो. घरच्या वादांकडे दुरून पाहताना मला वाटते की आपण बोलतो बरोबर, पण चुकीच्या माणसाशी बोलतो.

शाळेच्या वेळेचा वादच घेऊ. २०२५ च्या मार्चमध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी सांगितल्या. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल या काळात घ्याव्यात, ही पहिली. आणि उन्हामुळे प्राथमिक शाळा सकाळी ७ ते सव्वाअकरा, तर माध्यमिक शाळा ७ ते पावणेबारा या वेळेत भरवाव्यात, ही दुसरी. परीक्षा इतक्या उशिरापर्यंत नेण्याला शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी विरोध केला. वर्ग एप्रिल अखेरपर्यंत भरले तर अभ्यासाचे दिवस वाढतात, हा विभागाचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटतो. परंतु जळगाव-भुसावळकडे एप्रिलमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवीन नाही, आणि त्या वर्षी ३० तारखेला आलेली आखाजी (अक्षय्य तृतीया) अवघ्या पाच दिवसांवर असताना मुले पेपर देत होती. पुढे जूनमध्ये विदर्भातील शाळा २३ तारखेला उघडल्या आणि उर्वरित राज्यातील १६ तारखेला. खानदेशचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे महसुली दृष्ट्या नाशिक विभागात येतात, त्यामुळे भुसावळच्या मुलाचे वेळापत्रक नाशिकच्या मुलाबरोबर ठरते, शेजारच्या, पण विदर्भात मोडणाऱ्या मलकापूरच्या मुलाबरोबर नाही. ऊन मात्र भुसावळला आणि मलकापूरला सारखेच असते.

मी राहते त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात शाळेला उन्हाची सुट्टी देण्याचा नियम आहे. वर्गखोलीतील तापमान २७ अंशांच्या वर गेले की मुख्याध्यापक त्या दिवसाचे तास कमी करू शकतात. २५ च्या खाली असेल तर करू शकत नाहीत. आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ही सवलत नाही. हा आकडा ऐकून घरी सगळ्यांना नवल वाटते, आणि ते साहजिक आहे, कारण २७ अंशांचा नियम आपल्याकडे लावला तर वर्षातील बहुतेक दिवस शाळा भरणारच नाहीत. तेव्हा तो आकडा उचलून आणण्यात अर्थ नाही. घेण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. निर्णय मुख्याध्यापकांच्या हाती आहे, म्हणजे जेथे ऊन आहे तेथेच तो होतो. मोजमाप वर्गात होते, हवामान केंद्रात नाही. पत्र्याच्या छपराखालची खोली आणि जुन्या दगडी इमारतीतील खोली यांत किती फरक असतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. आणि तास कमी केले तरी ज्या लहान मुलांचे आईवडील कामावर असतात, त्यांना रस्त्यावर सोडले जात नाही. दुपारच्या देखरेखीसाठी नाव नोंदवलेली मुले शाळेतच, सावलीत थांबतात.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या चर्चेतून जवळजवळ गळून गेला आहे. सव्वाअकराला शाळा सोडली म्हणजे मूल उन्हातून वाचले, असे आपण धरून चालतो. माझी भाची गावाहून तालुक्याच्या शाळेत एसटीने जाते. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून प्रवास मोफत आहे, आणि ती योजना नसती तर गावातल्या कितीतरी मुली सातवीनंतर घरीच बसल्या असत्या. परंतु सकाळच्या शाळेचे वेळापत्रक लागले तेव्हा बस मात्र जुन्याच वेळेवर धावत राहिली. शाळा सुटल्यावर मुली थांब्यावर उभ्या राहत, थांब्याला छप्पर नव्हते, आणि बस येईपर्यंत ऊन पुरते माथ्यावर आलेले असे. “दुपारी बाहेर सोडू नका, हे मला नको सांगूस ताई, आगारप्रमुखांना सांग,” असे माझी वहिनी त्या वेळी म्हणाली, आणि माझ्या मते या संपूर्ण वादातले सर्वांत नेमके बोलणे तेच होते.

पाण्याचेही असेच आहे. केरळमध्ये २०१९ पासून अनेक शाळांत ठरलेल्या वेळी घंटा वाजवून सर्व मुलांना पाणी प्यायला लावतात, आणि ही पद्धत इतर राज्यांतही उचलली गेली. ती खानदेशात प्रत्येक शाळेत हवी. पण मोठ्या वर्गातील मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण प्यायले तर स्वच्छतागृहात जावे लागेल, आणि तेथे कडी नसते, पाणी नसते किंवा दाराला कुलूप असते. मुली ही गोष्ट आईलाही सांगत नाहीत. लघवीला जळजळ सुरू झाली की मग डॉक्टरांकडे उलगडा होतो. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी हे शाळेचे निकष ठरवले आहेत. जर्मनीतही शाळांच्या स्वच्छतागृहांबद्दल पालक कुरकुर करतात आणि मुले तेथे जायचे टाळतात, म्हणून हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ४४ अंशांत दिवसभर न प्यायलेले पाणी आणि २२ अंशांत न प्यायलेले पाणी यांचे परिणाम सारखे नसतात. नंदुरबार जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर आहे. तेथील आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि शरीरातले पाणी कमी होणे हे त्या मुलांमध्ये असह्य वेदनांचा झटका येण्याचे एक नेहमीचे कारण आहे. अशा मुलाला तास चालू असतानाही पाणी पिण्याची आणि बाहेर जाण्याची मुभा हवी, आणि ती वर्गशिक्षकाच्या मर्जीवर न ठेवता शाळेच्या नोंदवहीत लिहिलेली हवी.

डेंग्यूच्या काळात “पाणी साठवू नका” हा सल्ला भिंतीभिंतींवर लिहिला जातो. खानदेशातील अनेक गावांत आणि शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. तेथे साठवायचे नाही तर प्यायचे काय? अशा ठिकाणी पाळता येण्याजोगा सल्ला वेगळा आहे. पिंपाच्या तोंडावर जुन्या सुती लुगड्याचे फडके घट्ट बांधावे, टाकीचे झाकण नीट बसते का ते पाहावे, आणि आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतल्या कडा घासून पुसाव्यात. डासाची अंडी कडेलाच चिकटलेली असतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. उन्हाळा सरल्यावर कोपऱ्यात ढकललेल्या कूलरची टाकीही कोरडी करून ठेवावी, कारण पावसाळ्यात तीच डासांचे पहिले घर होते.

घर थंड ठेवण्याच्या बाबतीत मात्र कुटुंबाच्या हातात बरेच काही आहे, आणि तेथे सल्ल्याची देवाणघेवाण खरोखर उपयोगी पडते. २५ जुलै २०१९ रोजी ड्युसेलडॉर्फजवळच्या ड्यूसबुर्ग आणि ट्योनिसफोर्स्ट येथे पारा ४१.२ अंशांवर गेला. तो जर्मनीचा आजवरचा उच्चांक आहे. येथील घरे थंडीसाठी बांधलेली आहेत आणि बहुतेक घरांत एसी नसतो, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या इमारतीतील वृद्ध शेजारीण दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून हवा येण्याची वाट पाहत बसली होती. सकाळी आठच्या आत खिडक्या बंद करायच्या आणि रात्री उशिरा उघडायच्या, ओले फडके मानेवर ठेवायचे, ताकात मीठ घालून घोट घोट प्यायचे, हे मी तिला सांगितले ते आजीच्या घरी शिकलेल्या बळावर. आजीचे घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे होते. सागाच्या तुळयांवरचा तो मातीचा जाड थर दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत आत येऊ देत नसे. आता गावात सगळीकडे स्लॅब आहेत. ते दिवसा तापतात आणि रात्री ती उष्णता खाली सोडतात, म्हणून पंखा लावूनही झोप येत नाही. धाब्याकडे परत जा असे मी कोणाला सांगणार नाही, कारण पावसाळ्यात गळणारे धाबे आणि दरवर्षीची माती यांचे कष्ट मी पाहिले आहेत. परंतु मार्चच्या सुरुवातीला स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले तर खालच्या खोलीत फरक जाणवतो. मे २०१० च्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये जो उष्णता कृती आराखडा केला, त्यात पुढे छते पांढरी करण्याचे काम आले, ते याच कारणाने.

जर्मन घरांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे खिडकीच्या बाहेरची झडप. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा लावून फारसा उपयोग होत नाही. ते बाहेरच अडवावे लागते. आपल्याकडे रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून बांधली की तेच काम स्वस्तात होते. कूलर लावताना समोरची एक खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि घाम वाळत नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही हा समज मात्र आता सोडावा. त्याने अपाय होत नाही, पण कांद्याच्या भरवशावर मूल उन्हात खेळत राहते. जुलाब-उलट्या झाल्या आणि ओआरएसची पुडी हाताशी नसली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे. आणि उन्हातून आलेले मूल असंबद्ध बोलू लागले किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर त्याला पाणी पाजण्याचा प्रयत्न न करता १०८ ला फोन करावा, सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा.

आजारी मुलाला घरी ठेवण्याचा सल्ला माझ्या मनाला सर्वांत जास्त टोचतो. जर्मनीत २०२५ साली सरकारी आरोग्य विमा असलेल्या पालकाला बारा वर्षांखालील आजारी मुलासाठी वर्षाला १५ दिवस रजा मिळते, एकट्या पालकाला ३०, आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा विमा देतो. सकाळी शाळेला कळवायचे, डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची, आणि मुलाजवळ बसायचे. मी हे सगळे वापरले आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईने तापलेले मूल घरी कोणापाशी ठेवावे? तिच्यासाठी शाळा हीच सुरक्षित जागा असते आणि दुपारची खिचडीही तेथेच मिळते. तिला “जागरूक पालक व्हा” असे सांगण्यापेक्षा शाळेत एक खाट, एक थर्मामीटर आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर असणे अधिक मोलाचे आहे. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस देणाऱ्या शाळांनीही ते बंद करावे, असे माझे ठाम मत आहे. त्या बक्षिसापायी गोवराचे किंवा कांजिण्यांचे मूल वर्गात येऊन बसते आणि आठवड्याभरात निम्मा वर्ग रिकामा होतो.

येथे शाळेत नाव घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे डोळे, कान, बोलणे आणि हालचाली सरकारी आरोग्य विभाग तपासतो. आपल्याकडे असे काही नाही, हे मी गटात वारंवार वाचते, पण ते खरे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येऊन तपासणी करतात. त्या दिवशी मूल गैरहजर असले, किंवा चिठ्ठी दप्तरातच राहिली, तर पुढचे काही होत नाही. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ‘मठ्ठ’ ठरलेली मुले मी माझ्या वर्गात पाहिली आहेत.

म्हणून वहिनीशी माझे आता जे ठरले आहे ते असे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्यात, हे कायद्यात आहे. ती या वर्षी त्या समितीवर आहे. फेब्रुवारीच्या बैठकीत तिने चार गोष्टी लेखी मांडायच्या आहेत: सकाळची शाळा सुरू होण्याआधी एसटी आगाराला नव्या वेळेचे पत्र, प्रत्येक वर्गात भिंतीवर एक तापमापी आणि तिची रोजची नोंद, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीचे आणि पाण्याचे काम, आणि आरोग्य तपासणीची तारीख पालकांना आठवडाभर आधी. तापमापीच्या नोंदी एप्रिलअखेर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायच्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाच्या वेळी खानदेशला विदर्भासोबत धरावे ही मागणी आकड्यांनिशी करता येईल. पत्राचा मसुदा मी येथून करून पाठवते आहे. सह्या तिकडे गोळा करायच्या आहेत.